दारची फटफटी रुसते तेव्हा

पहाटे पाचला दुधाच्या किटल्या गाडीला अडकवून तुम्ही सेलचे बटण दाबता आणि इंजिन फिरण्याऐवजी नुसता 'टिक टिक' असा आवाज येतो. हॉर्न दाबावा तर तोही सर्दी झाल्यासारखा. डेअरीचा काटा कुणासाठी थांबत नाही, आणि सकाळचे दूध सकाळीच घातले नाही तर ते घरीच विरजावे लागते. मोटारसायकल ही आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. दूध, खताची गोणी, फवारणीचा पंप, शाळेची लेकरे, आजारी म्हातारी, सारे तिच्यावरच जाते. ती बंद पडली म्हणजे घरातला एक माणूसच अंथरुणाला खिळल्यासारखे होते. ती नवी असून, हमीच्या मुदतीत असून पंधरा-पंधरा दिवस एजन्सीच्या दारात उभी राहिली, म्हणजे तर संतापाला पारावार राहत नाही. म्हणून आज या दोन्ही गोष्टींविषयी बोलू. गाडीतल्या विजेचा बिघाड कसा ओळखावा, आणि एजन्सीकडून काम वेळेत कसे करून घ्यावे.

जुन्या राजदूत-येझदीच्या काळात गोष्ट सोपी होती. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांना सहा व्होल्टची बॅटरी असे, पॉइंट असत, आणि पॉलिश पेपरचा एक तुकडा खिशात असला की अर्धा मेकॅनिक घरातच असे. बॅटरी मेली तरी दिवे जात, गाडी मात्र किक मारून घरी येई. आजची गोष्ट निराळी आहे. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे मापदंड, ज्यांना आपण बीएस-६ म्हणतो, ते लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला. आता पेट्रोल पंपाने, दाबाने आणि मोजून इंजिनात सोडले जाते, आणि ते मोजण्याचे काम एक लहानशी इलेक्ट्रॉनिक पेटी करते. हा पंपही विजेवर चालतो आणि ती पेटीही. त्यामुळे बॅटरी पार उतरली तर अशा अनेक गाड्या किकलाही दाद देत नाहीत, आणि उतारावरून ढकलूनही भागत नाही. 'किक आहे ना, मग बॅटरीचे काय' हा जुना हिशेब आता सोडून द्यावा.

गाडीतली वीज फिरते कशी, ते आधी समजून घेऊ. विहिरीवरचे पाणी डोळ्यांपुढे आणा. बॅटरी म्हणजे हौद. इंजिन फिरू लागले की त्याच्या बाजूच्या झाकणाआडचे मॅग्नेट आणि कॉइल वीज तयार करतात, ती झाली मोटर. ती वीज कमीजास्त होते, म्हणून मध्ये एक रेग्युलेटर बसवलेला असतो. तो जास्तीचा जोर अडवून बॅटरीला सोसेल एवढाच पुरवठा देतो. तिथून वायरींचे पाट निघतात ते दिवे, हॉर्न, सेल, प्लग यांच्याकडे. आणि परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा सांगाडाच. बॅटरीची ऋण बाजू, म्हणजे काळी वायर, सांगाड्याला बोल्टने जोडलेली असते, तिलाच आपण अर्थ म्हणतो. दोष असतो तो हौदात, मोटरीत, रेग्युलेटरमध्ये, पाटात, नाहीतर त्या अर्थच्या बोल्टात. सहावी जागा नाही म्हटले तरी चालेल.

गाडी सुरू होत नसली तर पाना हाती घेण्याआधी हँडलवरचे लाल बटण पाहावे. इंजिन बंद करण्याचे हे बटण लहान मूल खेळता खेळता दाबून जाते आणि घरचे दोन तास किक मारत बसतात. नंतर साइड स्टँड पाहावा. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत स्टँड खाली असला की इंजिन चालत नाही, आणि त्यासाठी तिथे एक लहान स्विच बसवलेला असतो. उसाच्या रानातला काळा चिखल त्यावर वाळून बसला की स्टँड वर केला तरी गाडीला तो खालीच आहे असे वाटते. पाण्याने चिखल भिजवून काढला की काम होते. आणखी एक खुलासा येथेच करून टाकू. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत दिवसाही पेटलेलाच राहतो. तो दोष नव्हे, तसा नियमच आहे. 'दिवा बंद होत नाही' अशी तक्रार घेऊन तालुक्याला जाण्यात पेट्रोल खर्चू नये.

आता बॅटरी. बाजारात दोन-तीनशे रुपयांत साधा मल्टिमीटर मिळतो. घरात मोटरपंप आहे, फवारणीचा बॅटरी-पंप आहे, तर हे यंत्र घरात असावेच. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीच्या दोन टोकांना त्याच्या काड्या लावाव्यात. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर हौद भरलेला आहे. १२.२ म्हणजे निम्मा. १२ च्या खाली गेला तर रिकामाच समजा. नंतर दुसऱ्याला सेल मारायला सांगून आकडा पाहत राहावे. तो साडेनऊ-दहाच्या खाली कोसळला तर बॅटरीत दम उरलेला नाही, मग वर १२.६ दिसत असले तरी फसू नये. अखेर इंजिन सुरू करून, थोडा अॅक्सिलरेटर देऊन पाहावे. साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान आकडा यायला हवा. तो १३ च्याही वर जात नसेल तर बॅटरी निर्दोष आहे, तिला खाऊच मिळत नाही. दोष कॉइलमध्ये, रेग्युलेटरमध्ये नाहीतर मधल्या वायरीत आहे. आणि १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला. अशा गाडीत बल्ब वारंवार उडतात, बॅटरी गरम होते, फुगते. ह्या तीन आकड्यांनी निम्मे निदान होते. एजन्सीत 'बॅटरी बदला' असे कोणी ठोकून दिले तर तुमच्या वहीत हे आकडे तारखेसह लिहिलेले असू द्यावेत. बोलणाऱ्याचा सूर लगेच बदलतो.

बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवट क्षार साचला असेल तर तो कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून, बोल्ट घट्ट आवळून वर व्हॅसलीनचा हात फिरवावा. सैल बोल्ट हे गाडी मध्येच बंद पडण्याचे सर्वांत स्वस्त कारण आहे. टोके सोडवायची तर काळी वायर आधी काढावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. याचे कारण साधे आहे. लाल बाजूचा बोल्ट फिरवताना पाना चुकून सांगाड्याला टेकला आणि काळी जोडलेली असली तर ठिणगी उडते. आणि इंजिन चालू असताना बॅटरी कधीही सोडवू नये. जुन्या गाड्यांवर काही मेकॅनिक ही परीक्षा करीत असत. आजच्या गाडीत त्या झटक्याने इलेक्ट्रॉनिक पेटी जळू शकते, आणि तिची किंमत ऐकून झोप उडते.

चार्जिंगविषयी एक इशारा. गाडीची बॅटरी साधारण चार-पाच अँपिअर-तासांची, सीलबंद असते. तिला अर्ध्या अँपिअरने दहा-बारा तास सावकाश भरावे लागते. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या भरणाऱ्या दुकानात त्यांच्याच रांगेत ती लावली तर दोन तासांत तापून तिचे आयुष्य संपते. अडचणीच्या वेळी ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून वायर जोडून गाडी सुरू करता येते, दोन्ही बाराच व्होल्टच्या असतात. मात्र त्या वेळी ट्रॅक्टरचे इंजिन बंद असावे आणि लाल लालला, काळी काळीला हे दोनदा पाहून घ्यावे.

फ्यूज उडणे हा रोग नव्हे, रोगाची खूण आहे. बहुतेक गाड्यांत दहा अँपिअरचा फ्यूज लाल, पंधराचा निळा आणि विसाचा पिवळा असतो, आणि डबीतच एखादा जादा ठेवलेला असतो. जळालेल्याच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा घालावा. तोही लगेच उडाला तर वायर कुठेतरी सांगाड्याला टेकली आहे. अशा वेळी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणे किंवा तांब्याची तार पिळून बसवणे हा उद्योग आपल्याकडे सर्रास चालतो. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळते, आणि वायरिंगच्या वरच पेट्रोलची टाकी असते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

वायर टेकते कुठे? पहिली जागा हँडलच्या मानेखाली. दिवसातून शेकडो वेळा हँडल वळते आणि वायरींचा जुडगा तिथे घासत राहतो. इंजिन चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू वळवावे. एखाद्या ठिकाणी इंजिन अडखळले, मीटरचे दिवे मिणमिणले तर चोर सापडला. दुसरी जागा टाकीखाली, तिसरी सीटखाली. सीटखाली आणखी एक पाहुणा येतो, तो म्हणजे उंदीर. गाडी गोठ्यात, कडब्याच्या गंजीशेजारी उभी असते, टूलबॉक्समध्ये शेंगदाणे नाहीतर बियाण्याचे चार दाणे सांडलेले असतात, आणि वायरीचे आवरण दात घासायला बरे असते. उंदराने कुरतडलेली वायर हमीत बसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पंधरा दिवसांतून एकदा सीट उचलून झटकून घ्यावी आणि गाडी चाऱ्यापासून दूर लावावी. तसेच पाच अश्वशक्तीच्या पंपाच्या पाइपाने गाडी धुण्याची आपली जी रीत आहे, ती निदान हँडल, मीटर आणि सीटखालचा भाग यांच्यापुरती तरी सोडावी. जोडण्यांत शिरलेले पाणी त्या दिवशी काही करीत नाही, महिन्याभराने गंज होऊन बाहेर येते.

गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, अशी तक्रार पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. तिचे मूळ बहुधा जत्रेआधी पोरांनी बसवलेल्या रंगीत दिव्यांत, गाणाऱ्या हॉर्नमध्ये नाहीतर मोबाइल चार्जरच्या सॉकेटमध्ये असते. किल्ली काढल्यावरही असा एखादा जोड ५० मिलिअँपिअर जरी खात असेल, तरी चार अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी ८० तासांत, म्हणजे साधारण सव्वातीन दिवसांत रिकामी होते. यापेक्षा मोठे नुकसान दुसरेच आहे. वायरिंग कापून केलेला असा कुठलाही जोड दिसला की एजन्सीवाल्याला हमी नाकारायला आयते कारण मिळते. वर्ष-दोन वर्षे तरी गाडीला दागिने घालू नयेत. पोरांना वाईट वाटेल, वाटू द्यावे.

हमीच्या मुदतीत आपण काय हाताळावे आणि काय नाही, याची रेघ अशी मानावी. फ्यूज पाहणे, बॅटरीची टोके साफ करणे, अर्थचा बोल्ट गंजला असेल तर काढून घासून पुन्हा आवळणे, मीटर लावून आकडे घेणे, एवढे घरच्या अंगणात करावे. वायर कापायची नाही, काळी चिकटपट्टी उकलायची नाही, गावातल्या मेकॅनिकला मॅग्नेटचे झाकण उघडू द्यायचे नाही. तो मेकॅनिक एजन्सीच्या कारागिरापेक्षा हुशार असेलही, पुष्कळदा असतोच, पण हमी त्याच्या हुशारीला ओळखत नाही.

आता एजन्सीची बाजू. गाडीसोबत मिळालेले छोटे पुस्तक आपण कपाटात टाकतो आणि लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात ते हरवते. ते काढून वाचावे. बल्ब, फ्यूज, प्लग अशा झिजणाऱ्या वस्तू हमीत सहसा नसतात. बॅटरीची हमी पुष्कळदा बॅटरीच्या कारखान्याची, वेगळी आणि कमी मुदतीची असते, तिचे कार्ड निराळे असते. फुकटच्या सर्व्हिसिंग ठरलेल्या दिवसांत किंवा किलोमीटरांत, जे आधी होईल त्यात, झालेल्या असाव्या लागतात. सुगीच्या दिवसांत एक सर्व्हिसिंग चुकली आणि पुढे त्याच कारणावरून हमी नाकारली, असे होऊ शकते. तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवावी.

काम रेंगाळते का, तेही पाहू. तालुक्याच्या लहान विक्रेत्याला हमीचा भाग मंजूर करण्याचा अधिकार बहुधा नसतो. तो जिल्ह्याच्या मोठ्या विक्रेत्याकडे पाठवतो, तो कंपनीकडे. विजेचे भाग, विशेषतः अख्खे वायरिंग, दुकानात क्वचितच ठेवलेले असते. त्यातून अधूनमधून येणारा दोष एजन्सीत नेला की गायब होतो. गाडी तिथे गेली की शहाण्या मुलासारखी वागते, आणि कागदावर शेरा पडतो, 'तपासले, दोष आढळला नाही'. म्हणून दोष दिसला त्या क्षणी मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवावे, मीटरवरचे किलोमीटर त्यात दिसू द्यावेत.

माझ्या धाकट्या भावाच्या गाडीचे उदाहरण सांगतो. अकरा महिन्यांची गाडी, चालता चालता मीटर विझायचे आणि इंजिन बंद. दहा मिनिटांनी आपोआप सुरू. पहिल्या खेपेला एजन्सीने बॅटरी चार्ज करून दिली. दुसऱ्या खेपेला काही सापडले नाही. दोन्ही वेळा नोंद झाली ती तिथल्या पोराच्या चिठोऱ्यावर. तिसऱ्या खेपेला हँडलच्या मानेखाली घासलेली वायर सापडली आणि 'वायरिंग मागवतो, गाडी ठेवून जा' असे सांगण्यात आले. भाऊ दर सोमवारी फोन करी. "दादा, पार्ट निघालाय, दोन दिवसांत येतोय," असे उत्तर मिळे. "अहो, मागच्या सोमवारी पण निघालाच होता की!" असे म्हणून तो फोन ठेवी. असे ४३ दिवस गेले. तेवढे दिवस दूध शेजाऱ्याच्या गाडीवर, पैसे मोजून गेले. अखेर आमच्या भाचीने, ती बारावीला होती, कंपनीच्या ग्राहक विभागाला मराठीतच ई-मेल लिहिला. गाडीचा चासी क्रमांक, जॉबकार्डाचा फोटो, गाडी जमा केल्याची तारीख आणि रोजचा वाहतूक खर्च, एवढेच त्यात होते, शिवी एकही नव्हती. नवव्या दिवशी वायरिंग बसले. पण पहिल्या दोन खेपांचा पुरावाच नसल्याने कागदोपत्री त्या गाडीची तक्रार एकदाच झाली असे राहिले.

म्हणून जॉबकार्डाशिवाय गाडीची किल्ली हातातून सोडू नये. त्यावर तारीख, किलोमीटर, गाडी कधी मिळेल ती तारीख आणि तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहिलेली असावी. 'गाडी बंद पडते' एवढे लिहून भागत नाही. 'इंजिन तापल्यावर, हँडल डावीकडे वळवताना मीटर विझते' असे लिहिले की कारागिरालाही काम सोपे होते. दोष पुन्हा आला तर जुन्याच कार्डावर भागवू नये, नवे कार्ड करून घ्यावे. आणि सर्वांत कामाची युक्ती ही, की गाडी कशीबशी का होईना चालत असेल आणि धोका नसेल, तर ती तिथे सोडून येऊ नये. दोष नोंदवावा, भाग मागवल्याची पावती घ्यावी आणि भाग आल्याचा फोन आला की गाडी न्यावी. एजन्सीच्या मागे उन्हापावसात महिनाभर उभी राहिलेली गाडी परत येते तेव्हा एक दोष गेलेला असतो आणि दोन नवे आलेले असतात. चालता चालता दिवा विझत असेल, जळका वास येत असेल किंवा फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर मात्र ती चालवू नये.

एवढ्यानेही भागले नाही तर सरकारी वाट आहे. आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला. त्याआधीच, १९७४ मध्ये, पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले होते, ही आपल्या महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट. आता २०१९ चा नवा कायदा लागू आहे, २० जुलै २०२० पासून. आधी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करावा. पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येते, आणि तक्रारीला क्रमांक मिळतो. पुष्कळ कंपन्या या टप्प्यावरच जाग्या होतात. नाही झाल्या तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. नव्या कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार देता येते, गाडी पुण्याला घेतलेली असो की नागपूरला. वस्तूची दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मोटारसायकल त्यातच बसते. वकील सक्तीचा नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र जायला हवे. 'तुम्ही गाडीवर दूध वाहता, म्हणजे धंद्यासाठी वापरता, तुम्ही ग्राहक नव्हे' असे कोणी म्हणाले तर घाबरू नये. स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी केलेला वापर कायदा धंदा मानत नाही.

पण खोटी आशाही दाखवू नये. गाडीत मुळातच कारखान्याचा दोष आहे म्हणून नवी गाडी द्या, हे सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो आणि ते जड जाते. कायद्यात तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असे म्हटले आहे, प्रत्यक्षात त्याहून वेळ लागतो. मात्र गाडी विनाकारण अडकवून ठेवली, सेवेत हयगय केली, ही तक्रार जॉबकार्डे, फोनच्या तारखा आणि ई-मेल हाती असले तर बळकट होते. शेजाऱ्याला दिलेल्या वाहतुकीच्या पैशांच्याही पावत्या घेऊन ठेवाव्यात, शेजारी कितीही घरचा असला तरी.

गाडी दुरुस्त होऊन मिळेल तेव्हा 'समाधानकारक' या शब्दाखाली सही करण्याची घाई करू नये. सेल तीनदा मारून पाहावा, पुढचा-मागचा दिवा, ब्रेकचा दिवा, चारही इंडिकेटर, हॉर्न पाहावेत, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवावे, आणि मीटर बरोबर नेला असेल तर चार्जिंगचा आकडा तिथेच घ्यावा. सीट उचलून वायरी पट्टीने नीट बांधल्या आहेत का तेही पाहावे. दोन-तीन किलोमीटर फेरी मारून यावी, आणि मगच जुन्या कार्डावर कोणता भाग बदलला ते लिहून घेऊन सही करावी.